पाठीवरचा वारा

तलावावरच्या क्लबात नवा शिकाऊ आला की पहिल्याच दिवशी त्याच्याकडून सात सह्या घेतल्या जात, आणि त्यात कुणालाही काही वावगं वाटत नसे. शिडाची होडी शिकायची म्हणजे धडे सात. प्रत्येक धड्याला कार्डावर एक चौकोन, आणि धडा समजला की शिकाऊनं त्या चौकोनात सही करायची, असा नियम. हा नियम करणारा बहुधा कोरड्या जागी बसून नियम करत असावा. धडा संपेपर्यंत शिकाऊ कमरेपर्यंत भिजलेला, हात ओले, कार्डाचा लगदा आणि सहीच्या जागी निळा डाग. दोन वर्षं हा छळ सोसल्यावर सेक्रेटरींनी तोडगा काढला. पहिल्या दिवशी, हात कोरडे असताना, सातही सह्या एकदम. कार्ड कपाटात गेलं की डोक्याला ताप नाही.

मास्तर या तोडग्यावर खूश होते. मास्तर म्हणजे क्लबाचे शिकवणारे. वय बासष्ट, उन्हानं रापलेलं तोंड, आणि आवाज असा की किनाऱ्यावरून हाक मारली तर तलावाच्या मध्यावरचा माणूस दचकावा. एका कारखान्यात फिटर म्हणून उमेदीची वर्षं गेली, पण सुट्टीचा एक दिवस त्यांनी पाण्याशिवाय काढला नाही. एकवीस वर्षं ते शिकवत होते आणि त्यांच्या हाताखालचं एकही माणूस बुडालं नव्हतं. हे ते स्वतःच्या तोंडानं सगळ्यांना सांगायचे. हल्ली सांगत नाहीत.

सात महिन्यांपूर्वी एक बुडाला. लिफ्ट दुरुस्त करणारा कारागीर, वय चौतीस. त्याच्या कार्डावर चौथ्या चौकोनात सही होती, आणि चौथा धडा मास्तरांनी त्याला दिलेलाच नव्हता.

झालं होतं इतकंच. चौथा धडा जमिनीवर द्यायचा असतो, शेडमध्ये, स्टँडवरच्या जुन्या होडीत बसवून, समोर उभा पंखा लावून. त्या शनिवारी तीन आठवड्यांनी पहिल्यांदा चांगला वारा सुटला होता. शिकाऊ चुळबुळ करत होते. खुद्द मास्तरांचाही जीव शेडमध्ये रमेना. ते म्हणाले, "चला, आज पाचवा करून घेऊ, असा वारा रोज मिळत नाही. चौथा नंतर बघू." नंतर तो राहूनच गेला. पुढच्या रविवारी लिफ्टवाला पहिल्यांदा एकटा होडी घेऊन गेला.

चौकशीला एक साहेब आणि त्यांची दोन माणसं आली. सेक्रेटरींनी कार्ड पुढे केलं. साहेबांनी विचारलं, "ही सही त्याचीच ना?" मास्तर म्हणाले, "त्याचीच." साहेबांनी विचारलं, "तो दोन्ही हात सोडून बसला होता असं तुम्ही पाहिलंत?" मास्तर म्हणाले, "पाहिलं. दोन्ही हात वर होते." त्यापुढे कुणी काही विचारलं नाही आणि मास्तरांनी सांगितलं नाही. खोटं असं ते एक अक्षर बोलले नव्हते. वारा येईल तशी पाठ द्यावी म्हणतात, तशी त्यांनी दिली. अहवालात दोन ओळी आल्या: मृत व्यक्तीनं शिकवलेल्या सूचनांकडे दुर्लक्ष केलं, आणि दोन्ही हात सोडून, वर करून मस्ती करत असताना शिडाचा आडवा दांडा डोक्याला लागला.

तेव्हापासून मास्तरांना जेवण जात नव्हतं. बायको म्हणायची, "वय झालं, भूक कमीच होते." तेही मान हलवायचे.

एका मंगळवारी क्लब बंद असताना ते शेडमध्ये एकटेच दोऱ्या गुंडाळत बसले होते, तेव्हा दारात एक बाई येऊन उभी राहिली. चाळिशीची, चपला हातात घेतलेली, कारण बाहेर चिखल होता. खांद्याला कापडी पिशवी, आणि गळ्यात माप घ्यायची फीत तशीच राहून गेलेली.

"तुम्हीच मास्तर ना? मी लिफ्टवाल्याची मोठी बहीण."

मास्तरांच्या हातातली दोरी खाली पडली. ती उचलायला ते वाकले आणि गरजेपेक्षा जास्त वेळ वाकलेलेच राहिले.

"मला शिकवाल का?" बाईनं विचारलं.

"पोहता येतं?"

"नाही. आणि मला पाण्यात जायचंही नाही. मला नुसतं समजून घ्यायचंय."

"काय?"

"माझ्या भावानं नेमकी काय चूक केली ते."

ती स्टँडवरच्या होडीच्या काठाला टेकून उभी राहिली आणि कसलाही आवाज न चढवता सांगू लागली. ती पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवायची. घरी ती आणि आई, आणि धाकटा होता तोवर तो. त्याला घरात सगळे वाकड्या म्हणत, कारण सांगाल त्याच्या वाकडं करायचं हा त्याचा जन्मसिद्ध हक्क. ओल्या रंगाला हात लावू नको म्हटलं की पाच बोटं उमटलीच समजा. आईनं त्याच्यावर जन्मभर घसा कोरडा केला. अहवाल वाचल्यावर आईनं त्याचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. नाव घेत नाही. घेतलंच तर शिव्या घालायला घेते.

"म्हणते, कधी कुणाचं ऐकलं नाही आणि मरतानाही ऐकलं नाही. मस्ती करत गेला. माझं तोंड काळं करून गेला." बाईनं गळ्यातली फीत काढून बोटाला गुंडाळली. "मला तिला सांगायचंय की चूक एवढी एवढीशी होती. कुणाच्याही हातून झाली असती. पण चूक कोणती तेच मला सांगता येत नाही. तुम्ही शिकवा. तुम्ही म्हणाल तितके दिवस येईन."

त्या क्षणी सांगून टाकता आलं असतं. शेडमध्ये तिसरं कुणी नव्हतं. मास्तर म्हणाले, "पुढच्या मंगळवारी दोनला या, ताई."

पहिल्या मंगळवारी तिला त्यांनी स्टँडवरच्या होडीत बसवलं. ती पिशवी मांडीवर घेऊन अशी बसली, जशी कुणाच्या घरी पहिल्यांदा गेल्यावर बसतात. मास्तरांनी खिशातून रुमाल काढला. त्यांचं सगळं शिकवणं त्या रुमालापासून सुरू व्हायचं. पंखा लावून त्यांनी रुमालाचं एक टोक चिमटीत धरलं.

"वाऱ्यात रुमाल असा मोकळा सोडला तर काय करतो? फडफडतो. वारा त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून जातो, ओढ लागत नाही. आता दुसरं टोक धरून जरा आवळा. फुगला. ओढ लागली. शीड म्हणजे हाच रुमाल आणि ही दोरी म्हणजे त्याचं दुसरं टोक. दोरी ओढली की होडी चालते, सोडली की थांबते."

"एवढंच?"

"पहिल्या दिवशी एवढंच. आणि एक." मास्तरांनी समोरच्या पत्र्याकडे बोट केलं. तिथं लाल रंगात हातभर अक्षरांत लिहिलं होतं: घाबरलात? सोडा. "भीती वाटली, काही सुचेना, तर हातातलं सगळं सोडायचं. दोरी सोडायची, सुकाणू सोडायचं. शीड मोकळं होतं, होडी आपणहून वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते. आणि सोडलं की दोन्ही हात वर करायचे. म्हणजे मला किनाऱ्यावरून दिसतं की यानं सोडलंय, आता मी इंजिनाची होडी घेऊन निघतो."

बोलता बोलता त्यांनी पत्र्यावरून नजर काढून घेतली. एकवीस वर्षांत हजार वेळा म्हटलेलं वाक्य होतं. ताईनं पिशवीतून वही काढून ते लिहून घेतलं, हात वर करण्यासकट, आणि खाली रेघ मारली. तिच्या अजून काही लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या धड्याला मात्र तिनं मास्तरांनाच शिकवलं. शीड जमिनीवर पसरलं होतं. लोकांना वाटतं वारा शिडात पोत्यासारखा भरतो आणि होडी ढकलतो, तसं नाही, असं मास्तर सांगत होते. ताई गुडघ्यावर बसून शिवणीवरून बोट फिरवत होती.

"हे सपाट कापलेलंच नाही," ती म्हणाली. "प्रत्येक पट्टा कडेला गोलाईत कापलाय आणि मग सरळ शिवलाय. म्हणून मध्ये पोट आलंय. मी गादीच्या कोपऱ्याला असंच करते."

मास्तर इतके खूश झाले की क्षणभर ती कोण हे विसरले. "बरोबर! या पोटासाठीच सगळा खटाटोप. वारा या पोटावरून वळून जातो. शीड वाऱ्याला एका बाजूला वळवतं, म्हणून वारा शिडाला दुसऱ्या बाजूला रेटतो. वळवलं नाही तर रेटा नाही. इंजिनिअर लोकांनासुद्धा हे कळायला दोन दिवस लागतात हो."

"इंजिनिअरांना कापड कुठं कळतं," ताई म्हणाली.

तिसऱ्या दिवशी होडीच्या पोटातून खाली पाण्यात जाणारी मधली फळी. वारा आडवा रेटतो, मग होडी आडवी का जात नाही, पुढेच का जाते? मास्तरांनी विचारलं, "ओला साबण मुठीत दाबला तर कुठं जातो?"

"मोरीत."

मास्तर हसले. पुष्कळ दिवसांनी हसले. "सटकतो ना? एका बाजूनं वारा दाबतो, दुसऱ्या बाजूनं पाणी या फळीला दाबतं. होडी त्या दोघांच्या मुठीतून पुढे सटकते."

ताईही हसली, आणि मग म्हणाली, "वाकड्यानं घरी साबण घेऊन आम्हाला हेच करून दाखवलं होतं. आई ओरडली, साबण काय खेळायला आहे का." तिनं वही बंद केली. "त्याचं लक्ष असायचं हो मास्तर तुमच्या शिकवण्यात. मग असं कसं झालं?"

चौथ्या मंगळवारच्या आदल्या दिवशी मास्तर सेक्रेटरींच्या टेबलाशी गेले. म्हणाले, "चौथा धडा त्याला दिला नव्हता. मला हे कुठं तरी लिहून द्यायचंय." सेक्रेटरींनी पेनाचं टोपण लावलं. "मास्तर, कार्डावर सही आहे. सही असताना धडा नव्हता म्हणजे काय? म्हणजे सगळ्या कार्डांवरच्या सगळ्या सह्या आल्या. क्लबाला कुलूप लागेल. मेलेला परत येणार आहे का?" मास्तर उठले. मेलेला परत येणार नव्हता, हे तर खरंच होतं.

मंगळवारी ताई दोनला पाच मिनिटं असतानाच आली. मास्तरांनी पंखा होडीच्या मागे नेऊन ठेवला.

"आज पाठीवरचा वारा," ते म्हणाले. "सगळ्यात गोड आणि सगळ्यात लबाड. समजा वारा ताशी बारा मैलांनी वाहतोय आणि होडी त्याच्याच बरोबर पाच मैलांनी पळतेय. मग तुमच्या कानाला किती लागतो?"

"सात."

"सातच. माणसाला वाटतं, वारा पडला. शर्टाची बाहीसुद्धा हलत नाही. ऊन अंगावर घेत लोक गाणी म्हणायला लागतात. आणि वारा काही कमी झालेला नसतो. उलट वाढलेला असला तरी पत्ता लागत नाही. तुमचा भाऊ त्या दिवशी असाच वाऱ्याबरोबर खाली खाली गेला, तलावाच्या पार टोकाकडे. मधूनच वारा बाराचा वीस झाला. होडी डोलायला लागली, तेव्हा त्याला कळलं."

"मग?"

"आता हे बघा. पाठीवर वारा असला की शीड पुरतं बाहेर सोडलेलं असतं, असं आडवं. त्याच्या खालचा दांडा डोलकाठीला आधार देणाऱ्या बाजूच्या तारेला टेकलेला असतो. आता तुम्ही घाबरलात. सोडा दोरी."

ताईनं दोरी सोडली. काहीही झालं नाही. पंखा चालू होता, शीड फुगलेलंच राहिलं.

"रिकामं होत नाही," ती म्हणाली.

"होत नाही. दोरी आधीच सगळी सोडलेली आहे. दांडा तारेला अडलाय, आणखी पुढे जाणार कुठं? इतर वेळी सोडल्यानं वाचतो माणूस. इथं सोडून काही मिळत नाही. आणि सुकाणू सोडलं तर होडी डोलता डोलता स्वतःच वळते. जराशी. मग वारा शिडाच्या मागच्या अंगाला शिरतो. खाली वाका, ताई. नीट वाका."

ती वाकली. मास्तरांनी स्टँड वीतभर फिरवला. शीड एकदा थरथरलं आणि पलीकडचा दांडा तिच्या डोक्यावरून सूं करत अलीकडे येऊन तारेवर आदळला. सगळी शेड दणाणली. पत्र्यावरची पाखरं उडाली.

ताई बराच वेळ वाकलेलीच होती. वर आली तेव्हा तिनं आधी वही उघडली.

"त्यानं काय करायला हवं होतं?"

"धरून ठेवायचं. दोरी धरायची, सुकाणू घट्ट धरायचं, अंग खाली ठेवायचं, आणि हळूहळू, अगदी हळूहळू वाऱ्याकडे वळायचं."

"आणि हे त्याला माहीत होतं," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली, वहीत लिहिता लिहिता.

इथंही गप्प बसता आलं असतं. साहेबांपुढे बसले होते तसे. मास्तरांनी पंखा बंद केला.

"नाही. माहीत नव्हतं. हा धडा मी त्याला दिलाच नव्हता. सह्या पहिल्याच दिवशी घेतो आम्ही."

पंख्याची पाती फिरायची थांबली. मग ती वहीची पानं उलटी चाळत पहिल्या धड्यावर गेली. रेघ मारलेल्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"हात वर होते म्हणालात तुम्ही चौकशीत."

"होते."

"मस्ती नव्हती ती."

"नव्हती." मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. "मी सांगितलं होतं तसं केलं त्यानं. सगळं सोडलं, ताठ बसला आणि मला दिसावं म्हणून दोन्ही हात वर केले. मी किनाऱ्यावरून ओरडलो, धर, धर म्हणून. वारा माझ्याही पाठीवर होता, पण तो पार टोकाला होता. आवाज गेला नाही. दांडा लागून तो पाण्यात पडला. लाइफ जॅकेटमुळे तरंगत होता, पण तोंड पाण्यात. मला पोचायला अकरा मिनिटं लागली."

ताई होडीतून उतरली. मास्तरांना वाटलं, आता ती मारेल, आणि मारलं तर बरं होईल. तिनं चपला पायात घातल्या.

"वाकड्यानं ऐकलं," ती स्वतःशीच म्हणाली. पुन्हा म्हणाली, "वाकड्यानं ऐकलं होतं." तिच्या आवाजात दुःख होतंच, पण त्यात कुठं तरी घाईही होती, चांगली बातमी घेऊन घरी निघालेल्या माणसाची. "तुमचं काय करायचं ते मी नंतर बघेन. आधी चला, आईला सांगा. तुम्हीच सांगा. वाकड्यानं कुणाचं ऐकलं हे माझ्या तोंडून तिला सात जन्मांत पटणार नाही."

घर चौथ्या मजल्यावर होतं. लिफ्ट बंद होती. तिच्या नाड्या एका वाकड्यालाच माहीत, ताई जिना चढता चढता म्हणाली, तो गेल्यापासून दुसऱ्या कुणाला ती बधत नाही. प्रत्येक मजल्यावर मास्तर कठड्याला धरून थांबत होते आणि ती वर उभी राहून वाट बघत होती.

दोन खोल्या. शिलाई मशीन, तिच्यावर कुणाच्या तरी दिवाणखान्याचे हिरवे पडदे. भिंतीच्या फळीवर घड्याळ, औषधांचा डबा, आणि मधोमध पाठमोरी फ्रेम, मागचा पुठ्ठा आणि खिळे दिसणारी. आई सत्तरीची, काटक, मान ताठ. तीस वर्षं एका इस्पितळाच्या धुलाई खात्यात तिनं चादरी धुतल्या, वाळवल्या, इस्त्री केल्या. समोर ताटात भाजी-पोळी होती आणि ती व्यवस्थित जेवत होती.

"या मास्तर, बसा," ती म्हणाली. "त्या कार्ट्यापायी तुम्हालाही मनस्ताप झाला. तुम्ही इतकं शिकवलंत, आणि हा गेला हात सोडून नाचायला. जिवंत असता ना, तर एक ठेवून दिली असती." तिनं घास घेतला. "लहानपणापासून हेच. विहिरीत वाकू नको म्हटलं की वाकायचा. अगं, मास्तरांना चहा टाक."

"चहा नको," मास्तर म्हणाले. "मला काही सांगायचंय." आणि सवयीनं त्यांनी खिशातून रुमाल काढला. "वारा असतो ना, आई..."

"मला वारा नका शिकवू," ती म्हणाली. "तीस वर्षं गच्चीवर ओल्या चादरी वाळत घातल्यात मी. दिवसाला दोनशे. कुठला वारा काय करतो ते माझ्या मनगटांना विचारा. समोरून आला तर चादर सोडून द्यावी, आपली आपण दोरीवर पसरते. मागून आला तर सोडायची नाही. सोडली की फिरून तोंडावर बसते, माणसाला आंधळं करते. नवीन पोरी गच्चीवरून पडता पडता वाचल्यात. घट्ट धरायची, अंग खाली घ्यायचं आणि हळूहळू तोंड फिरवायचं."

मास्तरांच्या हातातला रुमाल तसाच राहिला. ताई ओट्याशी उभी होती. तिनं भिंतीला हात टेकला.

"हेच," मास्तर म्हणाले. "हेच त्याला सांगायचं होतं. मी सांगितलं नाही."

आईचा हात ताटातच थांबला. "मग काय सांगितलंत?"

मास्तरांनी सांगितलं. एकही गोष्ट लपवली नाही, सह्या नाहीत, शनिवार नाही, हात वर करायची खूण नाही. शेवटी म्हणाले, "तो मस्ती करत नव्हता. मी शिकवलं तेवढं त्यानं तंतोतंत केलं. दोष माझा आहे. त्याचा काडीचाही नाही."

"ऐकलं होतं गं त्यानं, आई," ताई म्हणाली. ती फळीपाशी गेली, तिनं फ्रेम उचलली, पदरानं काच पुसली आणि आईकडे वळवून फळीवर ठेवली. फोटोतला माणूस डोळे बारीक करून हसत होता, कारण फोटो काढणाऱ्यानं त्याला हसू नको म्हटलं असणार.

आईनं फोटोकडे पाहिलं. ताट दोन बोटांनी बाजूला सारलं.

"त्या दिवशी सकाळी दारात बूट घालत होता," ती म्हणाली. "मला म्हणाला, आज एकटा जाणार. मी म्हटलं, तुझं शहाणपण घरी ठेवून जा. एकदा, आयुष्यात एकदा तरी कुणाचं ऐक. मास्तर सांगतील तेवढंच कर, स्वतःचं डोकं चालवू नकोस. मला शब्द दे." ती थांबली. "तर म्हणाला, दिला. मला वाटलं, नेहमीसारखाच म्हणतोय."

खाली रस्त्यावर कुणी तरी गाडी मागे घेत होतं.

"डोकं चालवलं असतं तर त्यानं काही ना काही धरलंच असतं," आई म्हणाली. "लिफ्टच्या दोरांवर काम करणारा माणूस तो. हातात दोर आला तर सोडणारा नव्हे. मी सोडायला लावला."

"आई, तसं नाही," मास्तर घाईनं म्हणाले. "दोष माझा आहे. तुम्ही मला बोला."

आईनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती उठली, फळीपाशी गेली, आणि तिनं दोन्ही हातांनी फ्रेम पुन्हा भिंतीकडे फिरवली.

"राहू दे अशीच," ती म्हणाली. "आता कुठल्या तोंडानं बघू मी त्याच्याकडे."

मग ती आतल्या खोलीत गेली. पलंगाची कुरकुर ऐकू आली आणि त्यानंतर काहीच नाही. ताटात अर्धी पोळी तशीच होती. मास्तर उभे राहिले. सात महिने पोटात बाळगलेलं ओझं उतरवायला ते चार मजले चढून आले होते, आणि त्यांनी ते उतरवलं होतं.

ताई त्यांच्या मागोमाग दाराबाहेर आली. तिनं दार ओढून घेतलं.

"सात महिने ती त्याच्यावर रागावून दोन घास खात होती, मास्तर," ती म्हणाली. "आता कशाच्या जोरावर खाईल?"

रुमाल अजून मास्तरांच्या हातातच होता. त्यांनी तो घडी न करता खिशात कोंबला आणि कठडा घट्ट धरून ते जिना उतरायला लागले.